पूजेतला पाना

सोनालीचा हात कोपरापर्यंत पॅनेलच्या आत गेला होता आणि आतलं तिला काहीच दिसत नव्हतं. कपाटाएवढ्या पत्र्याच्या पेटीत पुढे स्विचांची रांग, त्यामागे तांब्याच्या चार जाड पट्ट्या, आणि पट्ट्यांच्याही मागे तो एक नट. बॅटरीचा उजेड पट्ट्यांवरच अडत होता. गजेंद्र मिस्त्री शेजारी एका रिकाम्या खोक्यावर बसला होता. तोही आत बघत नव्हता. मान खाली घालून नुसता ऐकत होता.

"डोळे मीट," तो म्हणाला. "उघडे ठेवून काय मिळतंय? आत बोटांनी बघायचं."

तिने डोळे मिटले. तिच्या मुठीत तळहाताएवढं रॅचेट होतं, लाल-पिवळ्या मुठीचं. साध्या पान्याला फिरायला वीतभर जागा लागते, आणि पॅनेलच्या पाठीमागे वीतभर जागा कुणी ठेवत नाही. याला दोन बोटं पुरतात. पुढे रेटलं की नट फिरतो. मागे ओढलं की नट जागेवर राहतो आणि आतले दात कट् कट् करत परत येतात. पाना नटावरून काढायचाच नाही, पुन्हा पुढे रेटायचं. शिवाय तो मुठीपासून मानेपर्यंत रबराने मढवलेला, म्हणजे चुकून पट्टीला टेकला तरी जाळ होत नाही. सुरतेतल्या भेस्तानच्या त्या पॅनेल बनवायच्या वर्कशॉपात सगळे त्याला छोटा पाना म्हणत.

"मागे येताना वाजला?"

"नाही."

"मग नटही तुझ्याबरोबर मागे येतोय. काढ. आधी बोटाने दोन आटे बसव, मग लाव."

तिने तसं केलं. थोड्या वेळाने आतून कट् कट् ऐकू यायला लागलं, आधी सैल, मग हळूहळू दमाने. गजेंद्रने मान हलवली. त्याने तोंडाने कुणाला शाबास म्हटल्याचं वर्कशॉपात कुणाला आठवत नव्हतं, आणि अकरा महिन्यांत सोनालीलाही त्याची सवय झाली होती.

तिथे वायरिंगच्या कामावर नऊ बायका होत्या, पण पॅनेलच्या पाठीमागचं काम तो एकट्या सोनालीलाच शिकवत होता. बाकीच्या बायका म्हणत, कुंदनची बायको आहे ना, म्हणून. कुंदन म्हणजे गजेंद्रच्या हाताखाली तयार झालेला वायरमन. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि महिन्याभरात सोनाली इथे लागली. तोवर ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती, दिवसाला दहा-दहा तास, मान मोडेस्तोवर. मिस्त्रीचं मन मोठं, असं सगळे म्हणत. मिस्त्री ते ऐकून घेई आणि दुसरीकडे बघे.

सोनालीने हात बाहेर काढला. मनगटावर पत्र्याचा ओरखडा उठला होता. तो पुसत ती म्हणाली, आज घरी याल का, भाऊ? एक काम होतं. आणि मग, पाना कापडात गुंडाळता गुंडाळता, तिने ते काम सांगितलं.

येत्या एकादशीला कुंदनला वर्ष होत होतं. त्याचा फोटो तिने केव्हाच मोठा करून, फ्रेम करून आणला होता, पण तो पेटीत पडून होता. सासरा, दगा आप्पा, भिंतीला खिळा मारू देत नव्हता. वर्षभर त्याचं एकच पालुपद होतं. पोरगा कामाला कच्चा. छोटा पाना पाच मिनिटांवर उस्तादाच्या घरी पडलेला असताना आळस केला, मोठा पाना घातला नि मेला. बायकापोरीला उघड्यावर टाकून गेला, त्याचा फोटो कसला लावायचा? हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, आणि घरात सहा वर्षांची प्रियांका ते ऐकत असे.

"परवा शाळेत बाईंनी विचारलं, पप्पा काय करतात," सोनाली म्हणाली. "तर ही उभी राहून म्हणते, माझे पप्पा त्यांच्याच चुकीने मेले. पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणाली, भाऊ. बाईंनी मला बोलावून घेतलं."

गजेंद्रने बॅटरी विझवली.

"तुमचं ऐकतील आप्पा. तुम्ही ह्यांचे उस्ताद होता. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की हे कामाला कच्चे नव्हते. बाकी मला काही नको."

येतो म्हणून तो उठला, आणि उगाचच दुसऱ्या पॅनेलचे स्क्रू तपासू लागला. ते सकाळीच तपासून झाले होते.

कुंदन कामाला कच्चा नव्हता, हे गजेंद्रइतकं दुसऱ्या कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. कारण त्या दिवशी कुंदन छोटा पाना मागायला आला होता. त्याच्याच दारात आला होता.

नवमीचा दिवस होता. खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेल लावून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याला सकाळी पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही गजेंद्रच्या घरची रीत. धरणगावहून सुरतेला येऊन तीस वर्षं झाली तरी ती मोडली नव्हती. इथल्या शेठ लोकांची यंत्रपूजा दसऱ्याला. त्यांना नवमी म्हणजे कामाचाच दिवस, उलट उद्याच्या पूजेआधी सगळं चालू करून घ्यायची घाई. तशाच एका शेठच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये पॅनेलमधला नट ढिला होऊन पट्टी तापत होती. अर्धी शेड बंद पडली होती, आणि उरलेली अर्धी बंद पडेल म्हणून शेठ मेन स्विच पाडायला तयार नव्हता. चालू करंटवर काम करायचं होतं. असं काम कुंदन छोट्या पान्याशिवाय करत नसे. तो पाना होता गजेंद्रचा. वर्कशॉपच्या मालकाने कुठल्याशा प्रदर्शनातून आणून त्याला दिलेला, सुरतेच्या बाजारात तसा मिळत नव्हता. हवा तेव्हा कुंदन तो मागून नेई.

त्या सकाळी गजेंद्र नाही म्हणाला. आज पूजेत आहे, हात लावायचा नाही, उद्या ये.

देवाचं नाव त्याने पुढे केलं खरं, पण देव त्याच्या मनातही नव्हता. आठ दिवसांपूर्वी कुंदनने नेलेला पाना चौथ्या दिवशी आणून दिला होता, तोही ग्रीसने बरबटलेला, आणि वर हसत. पोराला जरा अद्दल घडावी, उस्तादाच्या वस्तूची किंमत कळावी, एवढंच गजेंद्रच्या मनात होतं. एवढ्याशा रागासाठी माणसाला आयुष्यभर झुरावं लागेल, हे आधी कळलं असतं तर कोण रागावलं असतं? रंजना, त्याची बायको, आतून म्हणाली होती, द्या हो, हळद पुसून द्या, देवी काही रागावत नाही. त्यावर तो रीत म्हणजे रीत असं काहीतरी मोठ्याने बोलला. कुंदनच मग म्हणाला, राहू द्या वहिनी, पूजा नका मोडू, मी भागवतो काहीतरी.

त्याने भागवलं. मोठ्या पान्याला काळी टेप गुंडाळली आणि तो पट्ट्यांमध्ये घातला. फिरवायला जागा नव्हती. टेप एका जागी फाटली आणि पाना दोन पट्ट्यांना एकदम टेकला. छातीपासून वर सगळं भाजलं.

कुंदन दोन दिवस होता. जळालेल्यांच्या वॉर्डात एकालाच आत सोडत, तिथे त्याचा बाप बसला. सोनालीला आत जायला मिळालं तोवर त्याचं बोलणं बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये म्हाताऱ्याने गजेंद्रला धरून विचारलं, पोरगा तुझ्याकडे आला नव्हता का? पाच-सहा माणसं भोवती होती. गजेंद्रच्या तोंडून 'नाही' गेलं. विचार करून गेलं नाही, भीतीने गेलं. पण गेलं ते गेलं. त्या एका नाहीवर सगळी कहाणी उभी राहिली. मिस्त्रीच्या घरी पाना होता, आणि कुंदनने तो आणायचा आळस केला.

घरी आल्यावर रंजनाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. छोटा पाना त्याने पुन्हा वापरला नाही. सोनाली कामाला लागली त्या दिवशी तिच्या हातात दिला नि म्हणाला, हा तुझ्याकडेच राहू दे.

संध्याकाळी तो रिक्षाने लिंबायतला उतरला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गरब्याच्या मंडपात माइक तपासणं चाललं होतं. अष्टमी होती. पोरी चनियाचोळी घालून दारादारांत उभ्या होत्या, फुलवाला टोपलीभर झेंडू मांडून बसला होता. वाटेत दोघांनी त्याला रामराम केला. एकाने विचारलं, उद्या पूजा ना मिस्त्री? तो हो म्हणाला. आज सांगायचंच, असं तो रिक्षात स्वतःला बजावत आला होता. आता गल्लीत शिरल्यावर पाय जड झाले.

दगा आप्पाचं घर म्हणजे एक खोली आणि वर पत्र्याचा माळा. आप्पा दाराजवळच्या खाटेवर बसला होता. सत्तरीचा, हाडकुळा, बनियन घातलेला. चाळीस वर्षं मागावर उभा राहिल्यामुळे त्याचे कान गेले होते. घरातले, गल्लीतले, सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. गजेंद्रच्या हे येताना ध्यानातच आलं नव्हतं. जे त्याला कुजबुजत सांगणंसुद्धा जमलं नव्हतं, ते आता ओरडून सांगायचं होतं.

सोनालीने पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. दूध नव्हतं. आप्पाने तिला दूध आणायला पाठवलं, प्रियांकालाही सोबत घेऊन जा म्हणाला. ती जाताना गजेंद्रकडे बघून गेली. तिच्या बघण्यात इतकी आशा होती की त्याला खाली बघावं लागलं.

आप्पा सरकून बसला. तो अजून गावाकडची अहिराणीच बोले. "बठ. उभा कसाले?"

गजेंद्र बसला. भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं, कुठल्याशा पतपेढीचं घड्याळ होतं, प्रियांकाने खडूने काढलेलं घर होतं. त्याने दार ओढून घेतलं. बाहेर मंडपात ढोल सुरू झाला होता. त्याने तोंड आप्पाच्या कानाशी नेलं आणि सांगितलं. नवमीला कुंदन आला होता, पाना मागितला होता, मी दिला नाही. दवाखान्यात तुम्हाला खोटं सांगितलं.

आप्पा समोर बघत होता. त्याने कानामागे हात धरला. "काय?"

गजेंद्रला वाटलं आता उठून जावं. पण तो उठला नाही. पुन्हा सांगितलं, या खेपेला मोठ्याने, आणि आधी जे सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. पूजेचं नुसतं निमित्त होतं, आप्पा. मला राग आला होता त्याचा. चार दिवस पाना ठेवून घेतला म्हणून. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला आणि तो पोरासारखा रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, वर्कशॉपात ज्याच्या नुसत्या बघण्याला लोक वचकून असत.

आप्पाने त्याला रडू दिलं. मग खाटेखालचा तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

गजेंद्रने वर पाहिलं.

कुंदनने पहिल्याच रात्री, बापाने कान तोंडाशी नेल्यावर, सगळं सांगितलं होतं. बोलता येत होतं तोवर दोनच गोष्टी बोलला. एक पोरीबद्दल, आणि एक ही. तक्रार म्हणून नाही. भाऊंनी दिला नाही, पूजेत होता, मी मोठा घातला, माझं चुकलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी पॅसेजमध्ये आप्पाने गजेंद्रला विचारलं ते सगळं माहीत असताना विचारलं होतं. हा खरं बोलतो का, ते बघायला. गजेंद्र नाही म्हणाला तेव्हा आप्पाच्या हातापायांत आग पेटली होती. तिथेच गळा धरावा असं वाटलं होतं. पण पोरगा आत शेवटच्या घटका मोजत होता, आणि बाहेर मारामारी करायची ही वेळ नाही एवढं भान राहिलं. पुढे तेरावा झाला. गल्लीत चार माणसं गोळा करून याच्या दारात जायचं, असं त्याने ठरवूनही ठेवलं होतं. आणि त्याच सुमारास गजेंद्र स्वतःच दारात उभा राहिला होता, सोनालीला काम देतो म्हणून.

हे सगळं आप्पाने ओरडून नाही, अगदी सावकाश सांगितलं. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही म्हणतात, पण त्याचा आवाज दाराबाहेर गेला नसता इतका खाली होता.

"तिले कळतं ते तुना तोंडवर थुकती ती," आप्पा म्हणाला. "नि काम सोडी देती. मंग काय? पुन्हा त्या टिकल्या? मना हात चालत नही. पोर लहान शे."

वर्षभर गजेंद्र समजत होता की आपण एका खोट्यावर जगतोय. ते खोटं आपल्या एकट्याचं नव्हतं, हे त्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. कुंदन आला नव्हता असं तो एकदाच म्हणाला होता. कुंदन आळशी होता, कच्चा होता, हे रोज सकाळ-संध्याकाळ म्हातारा म्हणत आला होता, स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल, मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं. सोनालीला कधी शंका येऊ नये म्हणून. तिने निर्धास्तपणे मिस्त्रीकडे कामाला जावं म्हणून.

"पण फोटो?" त्याने कानाशी वाकून विचारलं. "फोटो तर लावू द्या तिला, आप्पा."

आप्पाने भिंतीकडे पाहिलं. देवीच्या कॅलेंडरशेजारी जागा रिकामी होती.

"भितीवर फोटो लावा, ते रोज त्याना म्होरे खोटं बोलनं पडी," तो म्हणाला. "ते माले जमाव नही."

मग आप्पा म्हणाला, अजून दोन वर्षं थांब. तिचा हात बसू दे. दुसरीकडे कुठेही तिला लोक बोलावून नेतील एवढी ती तयार होऊ दे, मग सांग. मी असलो तर मी सांगेन. तोवर तिच्याजवळ तोंड उघडायचं नाही. त्याने गजेंद्रकडून शपथ घेतली नाही, हातावर हात मारून घेतला नाही. फक्त विचारलं, ध्यानात आलं ना? गजेंद्रने मान हलवली. आप्पा भिंतीला टेकून बसला आणि त्याने डोळे मिटले. दुसऱ्याला माफ करून मोकळा झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्याने माफ केलंच नव्हतं. गरज होती म्हणून सोसलं होतं, आणि गजेंद्रला ते स्वच्छ दिसत होतं.

चहाला थांबणं त्याला शक्य नव्हतं. तो बाहेर पडला.

सोनाली गल्लीच्या वळणावर भेटली, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताला प्रियांका. पोर गरब्याकडे ओढत होती. सोनालीने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा उतरला.

काय म्हणाले, तिने विचारलं. फोटो नको म्हणतात, गजेंद्र म्हणाला. मी सांगून पाहिलं.

दुधाच्या पिशवीवरून पाणी टिपकत होतं, तिने ती साडीपासून लांब धरली. मग तिचा धीर सुटला. वर्षभर सासऱ्याच्या तोंडावर जे कधी बोलली नाही ते सगळं ती तिथे वळणावर उभी राहून बोलून गेली. ह्या माणसाला काळीज म्हणून आहे की नाही? मेलेल्या पोरासाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही कधी. उठता-बसता त्याला नावं ठेवतो, मी दोन वेळा गरम भाकरी करून वाढते आणि ती खाता खाता माझ्या नवऱ्याला नावं ठेवतो. असला बाप वैऱ्यालाही मिळू नये. भाऊ, तुम्ही परके असून आमच्यासाठी एवढं केलंत, नि हा सख्खा बाप.

"सोनाली," गजेंद्र म्हणाला.

"नाही भाऊ, बोलू द्या मला. खरं आहे तेच बोलतेय. त्यांच्या जागी तुम्ही बाप असता तर—"

"बोलू नको त्यांना."

"का नको? काय चुकीचं बोलले मी?"

मागे मंडपात गरबा रंगात आला होता आणि टाळ्या एका ठेक्यात पडत होत्या. दोन वर्षं, असं म्हाताऱ्याने सांगितलं होतं, आणि त्याने मान हलवली होती. त्याला अजून पाच मिनिटंही झाली नव्हती. तिने ऐकलं तर उद्या ती कामावर येणार नाही हे त्याला दिसत होतं. तिचा तयार होत आलेला हात, पोरीची शाळा, म्हाताऱ्याने वर्षभर सोसलेलं सगळं, तेही दिसत होतं. पण ती भाऊ म्हणत होती. त्या खोलीत एक माणूस भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याला दगड म्हणून ही त्याच्याकडे, गजेंद्रकडे, सावलीला आल्यासारखी बघत होती. हे ऐकून घेत राहणं त्याच्याच्याने होईना.

"तो आला होता माझ्याकडे," तो म्हणाला. "नवमीला. पाना मागायला आला होता."

सोनाली त्याच्याकडे बघत राहिली. तिला लगेच कळलं नसावं. मग कळत गेलं, आणि ते कळताना तिच्या तोंडावरचं एकेक गळून गेलं. राग गेला, सासऱ्याची तक्रार गेली, त्याच्याबद्दलचा तो नेहमीचा मानही गेला. ती ओरडेल, गल्ली गोळा करेल असं गजेंद्रला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तिने खाली वाकून दुधाची पिशवी प्रियांकाच्या हातात दिली.

"जा, आजोबांना चहा पाहिजे म्हणून सांग. दूध तापत ठेवायला सांग त्यांना. मी येतेच."

पोर पिशवी छातीशी धरून पळत गेली. ती दारातून आत जाईपर्यंत सोनालीने तिकडेच पाहिलं. मग पदर खोचला, आणि वळणावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. त्याला बस म्हणाली नाही.

"सांगा," ती म्हणाली. "ते आले तेव्हा काय म्हणाले, तिथपासून सांगा."